सोललेल्या कोळंबीचा हिशेब

आमच्या डीप फ्रीजरमध्ये कोळंबीची दोन-दोन किलोची खोकी रचलेली असायची. वर छापलेले असायचे, 'व्हेनामी, पीडी, 41/50'. व्हेनामी ही कोळंबीची जात, पीडी म्हणजे साल आणि पाठीतला काळा दोरा काढलेली. तीन वर्षे मी ही खोकी मागवत होते. पुण्यात आमचा केटरिंगचा छोटा व्यवसाय आहे, काही कंपन्यांच्या कँटीनला आम्ही दुपारचे जेवण पुरवतो आणि खरेदी माझ्याकडे असते. कोळंबी भात तेव्हा शुक्रवारी असायचा. त्या खोक्याबद्दल मला भाव आणि वितरकाचा फोन नंबर सोडून काहीही माहीत नव्हते.

मी मूळची अलिबागजवळच्या कोळीवाड्यातली. आई सोडे सुकवून विकायची. आमच्या घरात आलेली मासळी कुणाच्या होडीतली, कुठल्या जाळ्यातली हे विचारावेच लागायचे नाही, ते मासळीबरोबरच घरात यायचे. म्हणून 2025च्या सुरुवातीला आमच्या एका ग्राहक कंपनीची चार पानी प्रश्नावली आली आणि तीत 'ही कोळंबी कोणत्या तळ्यात वाढली, तिला काय खाऊ घातले, ती कोणी सोलली' असे विचारलेले दिसले, तेव्हा मला मनापासून लाज वाटली. हे प्रश्न मी स्वतः केव्हाच विचारायला हवे होते.

प्रश्नावली येण्याला कारण होते. त्या कंपनीचे मुख्यालय परदेशात आहे. 2024च्या मार्चमध्ये कॉर्पोरेट अकाउंटेबिलिटी लॅब या अमेरिकेतल्या संस्थेने भारतातल्या कोळंबी उद्योगातल्या मजुरांच्या स्थितीवर अहवाल काढला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याने सक्तीच्या मजुरीतून तयार होणाऱ्या मालाच्या यादीत भारतातल्या कोळंबीचा समावेश केला. आपल्या कोळंबीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. तिकडे चर्चा सुरू झाली आणि तिचा एक धागा पुण्यातल्या कँटीनपर्यंत पोचला.

वितरकाने दोन दिवसांत एक प्रमाणपत्र पाठवले आणि 'आता झाले' असे सांगितले. मी ते नीट वाचले. बीएपी नावाची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात तारे असतात. प्रक्रिया कारखाना, तळे, बीज म्हणजे कोळंबीची पिल्ले तयार करणारी हॅचरी आणि खाद्याचा कारखाना अशा चार ठिकाणांची तपासणी वेगवेगळी होते आणि चारही ठिकाणे उत्तीर्ण असली तर चार तारे. आमच्या हातातले प्रमाणपत्र एका ताऱ्याचे होते, म्हणजे फक्त कारखान्याचे. कोळंबी कारखान्यात काही तास राहते आणि तळ्यात शंभर-एकशेवीस दिवस. त्या दिवसांबद्दल कागद गप्प होता. दुसरी पद्धत ॲक्वाकल्चर स्टुअर्डशिप कौन्सिलची, 2010 मध्ये स्थापन झालेली. तिचे कोळंबीसाठीचे निकष 2014 मध्ये आले. त्यांत मे 1999 नंतर कांदळवन तोडून केलेले तळे चालत नाही, आणि शेजारच्या गावाला काय त्रास होतो हे त्या गावाला विचारून नोंदवावे लागते. आमच्या वितरकाकडे तसला माल नव्हता. पण ते निकष मी छापून घेतले आणि पुढचे पाच महिने ते माझ्या पिशवीत होते.

कारखान्याने बरीच टाळाटाळ केल्यावर एका तळ्याचा पत्ता दिला. तो रायगडमधला निघाला, खारेपाटातला. माझ्या माहेरच्या मुलखातला.

खारेपाट माहीत नसलेल्यांसाठी थोडे सांगते. खाडीच्या भरतीचे पाणी अडवायला घातलेल्या बांधांच्या आत ही भातशेती होती. बांध फुटले, वेळेवर दुरुस्त झाले नाहीत, आणि गावेच्या गावे खाऱ्या पाण्याखाली गेली. भात गेले, तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, उगवली. काहींनी घराशेजारच्या तळ्यात जिताडा मासा सांभाळला, काहींनी जमीन कोळंबीसाठी भाड्याने दिली. मी गेले ते तळे मात्र जमिनीच्या मालकानेच केलेले होते. साठीचे गृहस्थ. आधी मला 'मॅडम' म्हणाले, कोळीवाड्याचे नाव सांगितल्यावर 'ताई' म्हणायला लागले, आणि मीही त्यांना काका म्हणू लागले.

पहिला धडा मला काउंटचा, म्हणजे ठरावीक वजनात किती कोळंब्या बसतात त्या आकड्याचा, मिळाला. काका म्हणाले, "आपला माल पन्नास काउंटचा." मी खूश झाले, म्हटले खोक्यावरही 41/50 आहे, जुळले. ते हसले नाहीत, शांतपणे समजावून सांगितले. तळ्यावरचा काउंट किलोला आणि अख्ख्या कोळंबीचा. खोक्यावरचा काउंट पौंडाला आणि सोललेल्या कोळंबीचा. वीस ग्रॅमची अख्खी कोळंबी डोके, साल, दोरा काढल्यावर दहा ग्रॅमच्या आसपास राहते, आणि तशा पंचेचाळीसएक पौंडात बसतात. आकडे जवळ दिसतात ते योगायोगाने, मधे निम्मे वजन गेलेले असते. हे निम्मे वजन मी वहीत लिहून ठेवले. पुढे सगळा उलगडा त्याच्यावरच झाला.

तळ्यावर मी तीन वेळा गेले, त्यातली एक फेरी रात्रीची. पाण्यात हवा मिसळणारे एरेटर फेस काढत फिरत होते. वीज गेली की काही तासांत अख्खे पीक मरू शकते, म्हणून जनरेटरपाशी कोणी ना कोणी जागे असतेच. ओडिशाची दोन मुले तिथेच पत्र्याच्या खोलीत राहत होती. मी त्यांच्याशी काकांच्या गैरहजेरीत बोलले, तशी परवानगी आधीच मागून घेतली होती. पगार बँकेत येतो का, आधार कार्ड कुणाकडे आहे, गावी जायचे म्हटले तर जाता येते का, प्यायचे पाणी कुठून येते. पगार बँकेत येत होता, आधार त्यांच्याच पेटीत होते. पण पीक उभे असेपर्यंत गावी जाता येत नाही, असे दोघेही म्हणाले. एकाची आई आजारी होती. काकांना हे विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बदली माणूस मिलत नाय ताई, पण त्याचं बराबर हाय." आईला भेटून तो मुलगा परत आल्यावरच मी पुढची फेरी केली.

औषधांची खोली मी उघडून पाहिली. पाकिटे, डबे, चुना, प्रोबायोटिक. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांना कोळंबीत पूर्ण बंदी आहे, काढणीआधी नमुना देऊन एमपीडाच्या, म्हणजे सागरी उत्पादनांची निर्यात पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, प्रयोगशाळेत ती आहेत का हे तपासता येते. काकांकडे तसे दाखले होते, आणि तळे चेन्नईच्या कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटीकडे नोंदलेलेही होते. व्हेनामी ही मुळात लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची जात, भारतात 2009 मध्ये तिला परवानगी मिळाली आणि तेव्हाच चौरस मीटरला साठपेक्षा जास्त बीज सोडायचे नाही असा नियम झाला. काकांच्या नोंदवहीत चाळीस होते. बीज आणल्याच्या पावतीशी मी ते ताडून पाहिले, जुळले.

जुळले नाही ते एका कोपऱ्यात. घरी बसून मी गूगल अर्थवर त्या जागेची जुनी चित्रे वर्षामागून वर्ष मागे नेत पाहिली होती. 2006च्या चित्रात दक्षिणेकडच्या कोपऱ्यात गडद हिरवा पट्टा होता, 2013 मध्ये तिथे चौकोनी तळे. तिवरे होती ती गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005च्या आदेशानंतर महाराष्ट्रात खासगी जमिनीवरचे कांदळवनही तोडता येत नाही. मी छापील चित्र काकांपुढे ठेवले. त्यांनी नाकारले नाही. एवढेच म्हणाले, "त्या जाग्यावर माझ्या बापानं भात काढलाय. बांध फुटला तवा सरकार आलं नाय, झाडं आली तवा आलं."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. सातबाऱ्यावर ती जमीन भाताचीच आहे. निकषांच्या कागदात कांदळवन म्हणजे आधीपासूनचे रान, आणि ते तोडणारा बाहेरचा माणूस. इथे रान उगवले तेच फुटलेल्या बांधामुळे, आणि तोडणाऱ्याचे भात त्याच बांधामुळे बुडालेले. तरीही तिवरे गेली ती गेलीच. त्यांच्या मुळांत खेकडे, निवट्या आणि बारीक मासळी वाढायची, आणि ती मासळी खाडीत पाग टाकणाऱ्या बायामाणसांची होती, काकांची नव्हती. मी प्रश्नावलीत त्या रकान्यात 'नाही' लिहिले आणि खाली सगळी हकिगत लिहिली. शेजारच्या शेतातल्या बाईंची विहीरही मी चाखून पाहिली. पाणी मचूळ होते. ते तळ्यामुळे की फुटलेल्या बांधामुळे हे त्यांनाही सांगता येईना, मग तेही तसेच लिहिले.

तळ्यावरून माल निघतो तो थेट कारखान्यात जात नाही. मधे एजंट असतो. पहाटे जाळे ओढतात, बर्फात क्रेट भरतात, टेम्पोत चढवतात, आणि तोच टेम्पो वाटेत आणखी दोन तळ्यांचा माल घेतो. लॉट नंबर कारखान्याच्या फाटकावर पडतो, तळ्यावर नाही. म्हणजे खोक्यावरच्या लॉटवरून मागे गेले तर फाटकापर्यंतच पोचता येते. काकांचे दाखले आमच्या खोक्यातल्या कोळंबीचेच आहेत, असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. एजंट तर सरळ म्हणाला, "सगळा माल एकाच खाडीचा हो ताई."

मग कारखाना. मुंबईजवळचा, नाव घेत नाही. पांढऱ्या टाइल्स, गमबूट, केसांवर जाळ्या, दारात क्लोरीनच्या पाण्याचा हौद. व्यवस्थापक सौजन्याने वागले आणि मी मागितलेले तीनही कागद त्यांनी दिले. एका दिवसाचा आत आलेला माल, त्याच दिवशी सोलून तयार झालेला माल, आणि सोलणाऱ्या बायकांचा हजेरीपट.

सोलण्याच्या लांब टेबलापाशी मी तासभर उभी राहिले. व्यवस्थापकांनी सर्वांत चपळ म्हणून एक बाई दाखवल्या होत्या. त्यांची परवानगी घेऊन मी घड्याळ लावले. तासाला पाच किलो गर. डाव्या हातात कोळंबी, उजव्या अंगठ्याने साल, पिनेने दोरा, पाण्यात टाकली. बर्फाच्या पाण्यात बोटे पांढरी पडलेली, टोकांना चिरा. माझ्या आईच्या बोटांना अशाच चिरा असायच्या, रात्री ती त्यांना खोबरेल लावून चुलीपाशी बसायची. मी तो तास नीट मोजू शकले हे केवळ वही हातात होती म्हणून.

रात्री घरी हिशेब मांडला. हजेरीपटावर बेचाळीस बायका, आठ तास. प्रत्येकीने सर्वांत चपळ बाईच्या वेगाने, पाणी प्यायलाही न थांबता काम केले, तरी होतो 1,680 किलो गर. त्या दिवशी तयार झालेला माल 2,900 किलो. आत आलेला कच्चा माल 5,800च्या थोडा वर, म्हणजे निम्म्या वजनाचा काकांचा हिशेब बरोबर जमत होता. कोळंबी खरी होती, सोललेलीही होती. सोलणारे हात मात्र कागदावर बाराशे किलोंनी कमी पडत होते.

दोनच शक्यता होत्या. एक तर या बायका चौदा-पंधरा तास उभ्या राहत होत्या आणि हजेरी आठ तासांची लागत होती. नाहीतर माल कुठेतरी बाहेर जाऊन सोलून परत येत होता. मी व्यवस्थापकांना हा हिशेब पाठवला. पहिले उत्तर आले की माझी पद्धत चुकीची आहे. आठवड्याने दुसरे आले, 'हंगामात थोडा माल बाहेर देतो'.

ती बाहेरची जागा मला हजेरीपटावरच्याच एका बाईंनी सांगितली, बसस्टॉपवर. गावाबाहेर पत्र्याची शेड, जमिनीवर प्लॅस्टिक, दोन नळ. पंचवीस-तीस बायका पाटावर बसलेल्या. मी गेले तेव्हा टेम्पो येऊन गेला होता. त्यांच्याशी बोलता आले ते माझ्या बोलीमुळे आणि मीही एका कोपऱ्यात बसून सोलायला घेतले म्हणून. हजेरी नाही, हातमोजे नाहीत, पैसे किलोवर, आणि किलो मोजणार मुकादम. भविष्यनिर्वाह निधी, विमा यांचा प्रश्नच नाही. एक बाई म्हणाली, "काटा तो बघतो, आमी नाय बघत." हे वाक्य मी त्या प्रश्नावलीत जसेच्या तसे लिहिले आहे. लहान मूल सोलताना मला दिसले नाही. आईच्या मांडीवर झोपलेली दोन दिसली.

या बायकांचा तळ्यावरच्या दाखल्याशी, कारखान्याच्या ताऱ्याशी, खोक्यावरच्या लॉटशी कुठेच संबंध लागत नाही. मला सर्वांत जास्त छळले ते हे. तपासणी होते ती पत्ता असलेल्या ठिकाणांची, आणि बायका दोन पत्त्यांच्या मधे बसल्या होत्या.

हॅचरीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे मी स्वतः गेले नाही. आपल्याकडच्या बहुतेक हॅचऱ्या आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आहेत. अंड्यावरची मादी बाहेरून येते ती चेन्नईजवळ नीलंकरईच्या केंद्रात विलगीकरणात ठेवून, रोग नाही ना ते पाहूनच. हे काम चांगले चालते असे काकांसकट सगळे म्हणाले. पण फोनवर बोललेल्या हॅचरीतल्या तंत्रज्ञाने दुसरीही गोष्ट सांगितली. मादीने लवकर अंडी द्यावीत म्हणून तिच्या एका डोळ्याचा देठ चिमटतात किंवा कापतात, कारण अंडी पिकणे रोखणारे संप्रेरक त्या देठात असते. ब्रिटनने 2022च्या कायद्यात कोळंबी, खेकडे यांना वेदना जाणवते हे मान्य केले आहे. मी आयुष्यभर मासळी खाल्ली आहे आणि खाणार आहे, पण हे ऐकून मी फोन ठेवल्यावर बराच वेळ काही केले नाही.

खाद्याचा प्रश्न मात्र मला घरातच भेटला. गोणीवर प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा यांची टक्केवारी असते. कोणता मासा, कुठला, हे नसते. खाद्य कंपनीने पत्राला उत्तर दिले त्यात 'सोयापेंड, गहू, फिशमिल' एवढेच. फिशमिल म्हणजे माशांची पूड. माझा भाऊ ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे. त्याला विचारले. म्हणाला, जाळ्यात बोटभर मासळी येते, ढोमी, बांगड्याची पिल्ले, ती बाजारात कुणी घेत नाही, बंदरावर फिशमिलचा टेम्पो उभा असतो. त्या पिल्लांचे पुढच्या वर्षी काय झाले असते हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. राज्य सरकारने 2023 मध्ये माशांची किमान लांबी ठरवली ती यासाठीच. व्हेनामीला वाघ कोळंबीपेक्षा कमी फिशमिल लागते हे खरे, आणि काका दीड किलो खाद्यात किलोभर कोळंबी काढतात हेही खरे. पण 'तळ्यातली कोळंबी खा, समुद्र वाचेल' असे जे सांगितले जाते, त्यातला समुद्राचा किती भाग परत गोणीतून तळ्यात येतो, हे गोणी सांगत नाही. मी तीन पत्रे लिहिली आहेत.

आम्ही काय केले ते सांगते. सोललेली खोकी बंद केली. काकांकडून अख्खी कोळंबी घेतो, टेम्पो आमचा, वाटेत दुसरा माल चढत नाही. दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या तळ्यात ते पुन्हा बीज सोडणार नाहीत आणि तिथला बांध उघडतील, असे लिहून घेतले आहे. ते तळे तसेही गळत होते, म्हणून ते लवकर तयार झाले, हेही इथे सांगायला हवे. बांध जूनमध्ये उघडला. सोलण्यासाठी आमच्या स्वयंपाकघरात चार बायका महिन्याच्या पगारावर घेतल्या. डोक्यांचे सार होते. कोळंबी भात आता महिन्यातून दोनदाच असतो आणि ताटामागे पंधरा रुपये जास्त पडतात. दोन कंपन्यांनी कुरकुर करून मान्य केले, एक सोडून गेली. प्रश्नावली मी हॅचरी आणि खाद्य हे दोन रकाने कोरे ठेवून परत पाठवली. तिकडून फोन आला की 'अंशतः' लिहा, नाहीतर प्रणाली फॉर्म स्वीकारत नाही. मी कोरेच ठेवले.

सप्टेंबरात पत्र्याच्या शेडमधल्या त्या बाईंचा फोन आला, काट्याबद्दल बोलल्या होत्या त्या. कारखान्याने बाहेर माल देणे बंद केले होते, शेडला कुलूप होते. "ताई, तुमच्याकडं सोलायला बायका लागतात का?" आमच्याकडे चौघींपुरतेच काम होते, आणि पुणे त्यांच्यापासून लांब. मी तसे सांगितले. त्या 'बरं' म्हणाल्या.

त्यानंतर मी व्यवस्थापकांना फोन लावला. विचारले, बाहेरचे बाराशे किलो आता आत सोलले जात असतील, तर हजेरीपटावर बायका किती वाढल्या? त्यांनी 'पाठवतो' म्हटले. मी शेडमधल्या अठरा बायकांची नावे त्यांची परवानगी घेऊन त्यांना पाठवली आहेत. हजेरीपट अजून आलेला नाही. पुढच्या सोमवारी मी तिकडे जाणार आहे.